धवल्याआडच्या कळा

माझ्या पिशवीत सगळं होतं. साबणाची वडी, नखं घासायचा ब्रश, उकळून घेतलेला धागा, कोरं ब्लेड, खाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद, बाळाचं वजन करायचा काटा, त्याच्या नाकातोंडातला चिकटा ओढून काढायची रबरी नळी, आणि बाळंतपणानंतर रक्त थांबावं म्हणून द्यायची दोन इंजेक्शनं. नव्हतं ते एकच, दुखणं थांबवायचं औषध. आणि घरात पाऊल टाकल्याटाकल्या सगळे मागायचे नेमकं तेच. "सिस्टर, एक सुई द्या ना, बघवत नाही हो तिच्याकडे." मी पिशवी उघडून दाखवायची. तरी लोकांना वाटायचं, बाईने चांगलं औषध मागे ठेवलंय, ओळखीच्यांना देत असेल.

सरकारी कागदावर माझं पद होतं 'सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका'. एवढं मोठं नाव पगाराच्या दिवशी सोडलं तर कुणी घेत नसे. गावात मी 'शिष्टर', झोपडपट्टीत 'सिस्टर', आणि रागावलेल्या सासवांच्या तोंडी 'ती सुईवाली'. मी मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याला इकडे कंपनीत नोकरी लागली म्हणून नेरूळला आले आणि नव्वदच्या दशकातली बरीच वर्षं आधी करावे गावात आणि मग बदली होऊन दिघ्यात काढली. तेव्हा चहूबाजूंनी सेक्टर उठत होते, नवीन बिल्डिंगांतल्या बायका नर्सिंग होममध्ये जात होत्या, पण जुन्या गावात आणि झोपडपट्टीत बाळंतपणं घरीच व्हायची. ज्यांना धोका आहे त्यांना आधीच हेरून दवाखान्यात धाडायचं आणि बाकीच्यांची सोडवणूक घरी नीट करायची, असं आमचं काम.

बाहेरच्या माणसाला कळेचं गणित माहीत नसतं, म्हणून थोडं सांगते. कळ सतत नसते. येते, चढते, उतरते आणि जाते. मधल्या वेळात बाई चहा पिते, बोलते, कधी कधी तर चक्क घोरते. ती मधली विश्रांतीच खरं औषध. आम्ही करायचो ते इतकंच, की बाईला ती विश्रांती नीट मिळू द्यायची आणि कळ आली की ती निभावून न्यायची. कुणाला चालवायचं, कुणाची कंबर दाबून धरायची, कुणाच्या पाठीवर गरम पाण्याचा फडका ठेवायचा, आणि वेळ होण्याआधी जोर करू द्यायचा नाही. हे सगळं मला छान जमायचं. माझ्या हाताला यश आहे असं करावे गावात म्हणत आणि मलाही ते ऐकायला आवडायचं.

एक गोष्ट मात्र मी वाईट करत असे आणि ती वाईट आहे हे मला कित्येक वर्षं कळलं नाही. मी बायकांना ओरडू देत नसे. शिकत होते तेव्हा प्रसूतीच्या खोलीत मोठ्या सिस्टर जे करत, ते मी जसंच्या तसं उचललं. "तोंड बंद! ओरडण्यात ताकद घालवू नकोस. जगात तूच पहिली बाळंत होतेयस का?" बाईने ऐकलं नाही तर मांडीवर एक चापट. त्यापुढे एक वाक्य होतं, नवऱ्यावरून बोलायचं, ते इथे लिहिणार नाही. माझ्या वयाच्या बायकांना ते माहीत आहे, कारण त्यांनी ते ऐकलेलं आहे. मी ते म्हटलेलं आहे.

मंदालाही म्हटलं होतं.

मंदा ही करावे गावातल्या ठमाबाईंची थोरली सून. ठमाबाई मासळी विकायच्या. टोपली डोक्यावर घेऊन निघाल्या की चार गल्ल्या आधी आवाज पोहोचायचा. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की टोपली झाकून चालू लागायच्या. गावातली माणसं त्यांना टरकून असत आणि मीही त्यात होते, आता कबूल करायला हरकत नाही. मंदाला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरीच झालं. मुलगा झाला. ती घाबरलेली होती, वीस वर्षांची पोर, कळ आली की गळा काढायची. मी तिला गप्प केलं. अगदी त्या वाक्यासकट गप्प केलं. बाळ सुखरूप आलं पण नंतर रक्त फार गेलं. इंजेक्शन दिलं, पोट चोळून चोळून माझे हात भरून आले, तेव्हा कुठे थांबलं. मी घरी जाऊन अंघोळीच्या बादलीसमोर बसून रडले होते. मंदाच्या कार्डावर मी लाल शाईने लिहून ठेवलं, पुढचं बाळंतपण दवाखान्यातच.

दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. मी प्रत्येक तपासणीला तेच घोकायचे, "मंदा, या वेळी दवाखाना. पहिली कळ आली की निघायचं." ती मान डोलवायची. दिवस भरायला तीन आठवडे होते आणि त्याच सुमारास तिच्या धाकट्या दिराचं, गजाननचं लग्न निघालं.

हळदीच्या दिवशी सकाळी माझी लसीकरणाची फेरी होती. ती उरकून साडेदहाच्या सुमाराला, पिशवी खांद्याला तशीच ठेवून, मी त्यांच्या मांडवात गेले. उंबराची फांदी बांधलेली, स्टीलची भांडी चमकत होती, बाहेर गजाननचाच टेम्पो उभा होता आणि त्यात भाड्याने आणलेली मोठाली पातेली होती. बायका ओळीत बसून तांदूळ निवडत होत्या. मधे जनीआजी बसली होती.

जनीआजी गावची धवलारीण. लग्नाचे सगळे विधी धवले गाऊन चालवायचे, हा मान तिचा. ती एक ओळ उचलते आणि बाकीच्या बायका तिच्यामागून ती घेतात. ओळी लांबलचक, शेवटपर्यंत श्वास पुरवायचा. आणि हीच जनीआजी गावची दाईसुद्धा. आमच्या केंद्रात तिने दाईचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि संपूर्ण वेळ मला चुका दाखवल्या होत्या. मंदाही त्या ओळीत बसली होती. नवी साडी, केसांत अबोलीचा गजरा, पुढ्यात सूप. मला बघून हसली.

मी चहा घेतला. जनीआजी गातागाता माझ्याकडे बघत होती. एक धवला संपला तशी ती पाणी प्यायला म्हणून उठली आणि माझ्याजवळ येऊन हळूच बोलली, "बाय, तुजी मंदी कामाला लागली हाय."

"कशावरून?"

"मी वल टाकतंय, समद्या घेतात. ही पन घेते. पन दर दोन-तीन वलींनी हिचा शेवट सुटतोय. शेवटाला पोचतच नाय. दम खाली अडकतोय तिचा."

मी मंदाकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही. बोटं तांदळात फिरत होती. तेवढ्यात पुढची ओळ सुरू झाली आणि मी पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. मंदाचे ओठ हलत होते, आवाज येत होता, आणि मग सुपातली बोटं थांबली. ओठ हलत राहिले. आवाज नव्हता.

तिला मी औषधाची गोळी द्यायची आहे असं सांगून मागच्या खोलीत नेलं, दार लावलं, तपासलं. गर्भपिशवीचं तोंड निम्म्याहून जास्त उघडलं होतं.

"कधीपासून?"

"पाटंपासून."

"आणि सांगितलं नाहीस? कार्डावर लाल शाईनं काय लिहिलंय मी? चल, आत्ताच्या आत्ता निघायचं."

तिने माझा हात धरला. "शिष्टर, देवक बसू द्या. मंग जाऊ. तुमच्या पाया पडते."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. घरात बाळ जन्मलं की त्या घराला सोयर येतं. दहा दिवस देवाधर्माचं काही करता येत नाही, लग्न तर नाहीच. मात्र लग्नाचं देवक एकदा बसलं की मग सोयर लागत नाही, कार्य पुढे चालू शकतं. देवक बसायचं होतं बाराच्या पुढे. मंदाचं सगळं गणित त्या बारावर होतं. बाराच्या आत मूल आलं तर तिच्यापायी दिराचं लग्न मोडणार, जेवणावळ वाया जाणार, नवरीकडची माणसं नावं ठेवणार, आणि सासू जन्मभर सुनावणार. ती पहाटेपासून कळा गिळत बसली होती ती याच्यासाठी.

"आयेला नका सांगू," ती सासूबद्दल म्हणाली. "तुमाला माज्या पोराची आन हाय." मी हो म्हणून बसले.

मी घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. माझा हात सांगत होता की ही बाई बरीच पुढे गेलेली आहे. पण तिच्या तोंडून चकार शब्द निघत नव्हता, आणि इतक्या वर्षांत मला सवय अशी लागली होती की किती वेळ उरलाय हे मी अर्धं हाताने ओळखायचे आणि अर्धं बाईच्या आवाजावरून. आवाज चढला की वेळ आली. इथे आवाजच नव्हता. मी ठरवलं, दोन तास तरी आहेत. बारा-सव्वाबाराला देवक बसेल, लगेच रिक्षा करू, अर्ध्या तासात दवाखाना.

खिडकीशी जनीआजी आली होती. मी तिला बेत सांगितला. ती म्हणाली, "ठमीला सांग. घर तिचा हाय."

"नको. ती ऐकायची नाही."

"तू इचारलंस कवा?"

मी विचारलं नव्हतं. मी मनात धरून बसले होते की ठमाबाई सुनेचा जीव जाऊ देतील पण देवक पुढेमागे करणार नाहीत. असं त्या एकदाही बोलल्या नव्हत्या. त्यांचा आवाज मोठा होता एवढ्यावरून मी हा निकाल लावला होता. जनीआजी म्हणाली, "बरा. मी या भिंतीला पाठ लावून बसते. कल आली का तू आतून ठोक. मी सूर वर नेते. मंदे, आयकतंस का? माजा सूर वर गेला का तू वरड, पायजे तेवरा वरड. कुनाला कलनार नाय."

पुढचा अर्धा-पाऊण तास मी जन्मात विसरणार नाही. मागच्या खोलीची भिंत फळ्यांची होती. मंदाला मी उभं केलं, खिडकीच्या गजाला धरून वाकायला सांगितलं, आणि तिच्या कंबरेवर तळवा दाबून धरला. कळ आली की मी दुसऱ्या हाताने फळीवर ठोकायचे. बाहेर जनीआजी ओळ उचलायची. बापरे, काय आवाज त्या म्हातारीचा! असा वर जायचा की मांडवातल्या बायका दचकायच्या. कुणीतरी म्हणालेलं मी ऐकलं, "आज आजीच्या अंगात आलाय."

"ओरड मंदा," मी म्हणाले. स्वतःच्या तोंडून तो शब्द मलाच चमत्कारिक वाटला.

ती ओरडली नाही. तिने एवढंच केलं की जनीआजीची ओळ जितकी लांब, तितका श्वास सोडत राहिली. तोंड अर्धवट उघडं, आवाज नाही, नुसती हवा. ओळ संपली की कळही उतरलेली असायची. मग ती गजावर कपाळ टेकवायची. मी पाणी पाजायचे, मान पुसायचे. जनीआजीला आतलं काही दिसत नव्हतं, पण ओळ कुठे लांबवायची ते तिला बरोबर कळत होतं. प्रशिक्षणात मी तिला श्वास कसा घ्यायला लावायचा ते फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं, ते आठवून मला लाज वाटली.

 पण ठोकण्यांमधलं अंतर कमी कमी होत चाललं होतं. आधी एक अख्खा धवला मधे जायचा, मग चार ओळी, मग दोन. बाहेर बायका दमल्या, कुणी म्हणत होतं, आजी, जरा थांब, चहा घे. आजी थांबेना. मी घड्याळ बघायचे, पुन्हा मंदाकडे बघायचे. रिक्षा बोलावू का? बोलवायला बाहेर गेले तर ही एकटी. ठमाबाईंना हाक मारू का? शब्द दिलाय. असा शब्द देताना माझ्या अकलेने कुठे दडी मारली होती, हे मी अजून स्वतःला विचारते.

अकरा वीसला पाणी फुटलं आणि मी पाहिलं तर डोकं दिसत होतं.

दोन तास कसले, मला प्लास्टिकचा कागद पुरता अंथरायलाही सवड मिळाली नाही. मी भिंतीवर ठोकत सुटले. जनीआजीने सूर लावला आणि त्या एका ओळीत मूल माझ्या हातात आलं. मुलगी. रडली, चांगली रडली. बाहेरच्या आवाजात ते बुडून गेलं. मी नाळ बांधली, कापली, मुलीला पुसून आईच्या छातीशी दिलं. मंदा हसली. विचारलं, "देवक बसला?"

"नाही अजून."

तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने वार पडली. आणि पाठोपाठ रक्त सुरू झालं.

मला त्या रक्ताची ओळख होती. पहिल्या वेळचं होतं तेच. इंजेक्शन दिलं. पोटावर हात ठेवून पिशवी चोळायला लागले. दगडासारखी घट्ट व्हायला हवी ती मऊच राहात होती. घट्ट व्हायची, पुन्हा सैल पडायची. दुसरं इंजेक्शनही देऊन टाकलं. धार कमी झाली, थांबली मात्र नाही. मंदाचे ओठ पांढरे पडायला लागले.

"चक्कर येतेय का?"

ती हळूच म्हणाली, "मगापासून अंदारी येतेय."

"मग बोलली का नाहीस?"

 मी जोरात दोनदा फळीवर ठोकलं आणि ओरडले, "आजी, गाणं बंद कर!"

एकदम शांतता झाली. त्या शांततेत पोर पुन्हा रडली आणि अख्ख्या मांडवाने ते ऐकलं. दार ढकलून ठमाबाई आत आल्या. कोपरापर्यंत हळद होती. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मंदाकडे पाहिलं, खालच्या कागदाकडे पाहिलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, पहाटेपासूनचं, देवकाचं, सोयराचं.

मी वाट पाहात होते ती त्या मंदावर ओरडतील याची. त्या माझ्यावर ओरडल्या.

"मना कुनी सांगितला का नाय? देवक काय सरकारी हापिस हाय, बारालाच उघडतोय? पाटंला बोलली असती तर उजाडायच्या आत बसवला असता! आन नसता बसला तर लगीन फुडं गेला असता. लगीन फुडं जातं. सून कुटून आनू मी?" आणि मग मांडवाकडे तोंड करून, "गजा! पातेली खाली टाक. टेम्पो काड!"

कुणीतरी म्हणालं, नवरदेवाने आज घराबाहेर जायचं नसतं. ठमाबाईंनी त्या माणसाकडे नुसतं बघितलं. गजानन नवा सदरा घालून, कपाळाला कुंकू लावलेला, तसाच गाडीवर बसला. पातेल्यांचा खडखडाट झाला. चार जणींनी मंदाला गोधडीत घालून मागे ठेवलं. मी एका बाजूला बसून तिच्या पोटावरचा हात काढला नाही. जनीआजीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. ठमाबाई नातीला पदरात घेऊन पुढे गजाननजवळ बसल्या आणि वाटभर त्याला शिव्या घालत राहिल्या, हळू चालवतोस म्हणून आणि खड्ड्यात घालतोस म्हणूनही.

टेम्पो रस्त्याला लागला तसं जनीआजी मंदाच्या कानाशी वाकून म्हणाली, "आता तरी वरड, बाय. आता कुनाची चोरी नाय."

मंदाने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. आवाज इतका बारीक होता की मला तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"शिष्टर," ती म्हणाली, "या खेपेला मी आवाज केला नाय ना?"

मला वाटत होतं की ती देवकासाठी गप्प राहिली. तेही होतंच. पण मांडव मागे पडला होता, देवक हुकलं होतं, बाळ आलं होतं, आणि ही पोर अजून माझी शाबासकी शोधत होती. अंधारी आलेली मला सांगितली नाही तीही त्यामुळेच. दोन वर्षांपूर्वी मी तिला जे शिकवलं होतं, ते तिने चोख पाठ केलं होतं.

काय म्हणायला हवं होतं ते मला आज माहीत आहे. त्या वेळी हाताखाली पिशवी पुन्हा सैल पडत होती, तिला जागं ठेवायचं होतं, आणि मी म्हणाले, "नाही केलास. शाब्बास."

तिला बरं वाटलं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते मला अजून दिसतं.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती पण बोलत नव्हती. डॉक्टरांनी धावाधाव केली. रक्ताच्या बाटल्या लागल्या, त्यातली एक नवरदेवाने दिली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की आता धोका टळला, तेव्हा ठमाबाई व्हरांड्यात खालीच बसल्या. हातावरची हळद तशीच वाळून गेली होती. लग्न बारा दिवसांनी झालं. नवरीकडच्यांनी काही नावं ठेवली नाहीत, उलट मुलीला चांदीचे वाळे पाठवले. मला आमंत्रण होतं. ठमाबाईंनी स्वतःच्या हाताने वाढलं, पण पहिल्यासारखी थट्टा केली नाही. जनीआजी मात्र माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला म्हटलं, "आजी, चूक झाली माझी."

"झाली," ती म्हणाली. तिला समजूत घालायची सवय नव्हती. "बाईचा गला बंद केलास तर तुला कलनार कसा, आत काय चाललाय?"

त्यानंतर वर्षभरात माझी दिघ्याला बदली झाली. डोंगराच्या उतारावर दाटीवाटीने झोपड्या, माणसं सगळीकडून आलेली, कंपन्यांत काम करणारी. तिथे मी घरात गेले की पिशवी उघडण्याआधी सांगायचे, "बाई, हवं तेवढं ओरड." मला वाटलं होतं एवढं म्हटलं की झालं. तसं होत नाही. एका खोलीला लागून दुसरी खोली, मधे पत्रा. पलीकडे कुणाचा तरी सासरा झोपलेला. बायका पदर तोंडात कोंबायच्या. मी सोडवला तरी पुन्हा कोंबायच्या.

एका दुपारी अशीच एक सुनीता म्हणून होती, जालन्याकडची, पहिलटकरीण. तिच्या घरी बाईमाणूस कुणीच नव्हतं, म्हणून तिच्या नवऱ्याला मी कंबर दाबायला बसवलं. तो कंपनीत प्रेस मशिनवर होता. अतिशय मन लावून दाबायचा आणि दर वेळी विचारायचा, "सिस्टर, प्रेशर बरोबर आहे का? वाढवू?" तीन तास त्याने हात काढला नाही. सुनीता मात्र दातांत पदर धरून, डोळ्यांतून पाणी गाळत, गप्प. मी हात लावून बघितलं, सगळं ठीक होतं. पण ती गप्प होती, आणि गप्प बाई बघितली की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. ती अजूनही होते.

"सुनीता, पदर काढ. ओरड."

"लाज वाटते, सिस्टर. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत."

"नाही हो. मला नाही येत."

पुढची कळ यायला लागलेली मला हाताखाली कळली. भिंतीपलीकडे जनीआजी नव्हती. मला गाता येत नाही, धवला तर नाहीच. मी मान वर केली आणि स्वतःच किंकाळी फोडली. पोटातून, लांब, जेवढा श्वास होता तेवढी. ती सगळी एकट्या सुनीतासाठी नव्हती, हे माझं मला कळत होतं.

नवऱ्याने दचकून हात काढला. पत्र्यापलीकडे झोपलेलं कुणीतरी खडबडून उठल्याचा आवाज आला. गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "काय झालं? सिस्टरला काय झालं?" सुनीता माझ्याकडे बघतच राहिली. तोंडातला पदर सुटला. ती हसली, भर कळेत हसली, आणि ते हसू अर्ध्यावर मोडून तिचा गळा मोकळा झाला. पत्रा थरथरला म्हणायला हरकत नाही. तिच्या आवाजावरून मला बरोबर कळलं, की आता फार वेळ नाही.

मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "शाब्बास."